आईंचा पंप आईंच्या हातात

त्या दिवशी मी नाशिकला होते. बचत गटांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुपारी जेवायला उठलो तेव्हा पर्समधला मोबाईल काढून पाहिला, तर शेजारच्या काकूंचे सात मिस्ड कॉल. पोटात गोळाच आला. फोन लावला तर काकू रडवेल्या, "अगं, तुझ्या सासूबाईंना श्वास घेता येईना. ओठ काळेनिळे पडलेत. त्यांचा तो पंप कुठे ठेवलायस तू?"

पंप माझ्या कपाटात होता. वरच्या खणात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, नाशिकला!

काकूंच्या मुलाने कपाटाचं कुलूप तोडलं. पंप हाती आला, पण तो घ्यायचा कसा हे आईंना माहीत नव्हतं. (आमच्याकडे सासूबाईंना आईच म्हणतात.) चार वर्षं त्या पंप घेत होत्या, पण रोज सकाळ-संध्याकाळ मीच तो हलवायचे, नळकांड्यात बसवायचे, तोंडाशी धरायचे आणि "हं, ओढा आता" म्हणायचे. त्यांचं काम एवढंच, की तोंड उघडायचं. त्या घाबरलेल्या अवस्थेत त्यांनी पंप तोंडात धरून भराभर दाबला. सगळं औषध जिभेवर आणि टाळूवर. छातीत काही गेलंच नाही. शेवटी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलावली. संगमनेरात मी पोहोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि आई ऑक्सिजनवर होत्या.

आता तुम्ही म्हणाल, कपाटाला कुलूप कशाला? सांगते. आई विसरतात, दोनदा घेतील, पंप कुठेतरी टाकतील, नातवंडं खेळायला घेतील, अशी माझी शंभर कारणं होती. सून म्हणून मी किती काळजी घेते, हे चार लोकांत सांगायलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी एक सिस्टर आल्या. वयाने माझ्याहून लहान. आईंच्या कॉटवर बसून त्यांनी विचारलं, "आजी, औषध कसं घेता, दाखवा बरं." मी लगेच पुढे झाले, "मी देते ना त्यांना, अगदी वेळच्या वेळी." सिस्टर हसून म्हणाल्या, "ताई, तुम्ही देता ते कळलं. घेतं कोण, ते विचारतेय." मला राग आला होता, खरं सांगते. घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

आईंना जो आजार आहे त्याला सीओपीडी म्हणतात. बोलीत आपण सगळ्यालाच दमा म्हणून मोकळे होतो, पण दोन्हींत फरक आहे. दम्यात श्वासनळ्या मधूनमधून आवळतात, औषधाने पुन्हा मोकळ्या होतात, आणि नीट उपचार घेतले तर माणूस धावू-पळूसुद्धा शकतो. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुराने नळ्या आणि फुप्फुसं झिजतात. झीज भरून येत नाही, पण ती मंदावता येते आणि आहे त्या श्वासात बरंच काही करता येतं. फुंकून करायची स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते, तिच्यात नळ्या किती आवळल्यात ते कळतं. नुसत्या खोकल्यावरून कुणी ठरवू नये.

"मी जन्मात कधी विडीला हात लावला नाही, मग मला कसला हा आजार?" असं आईंनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टरांनी उलट विचारलं, चूल किती वर्षं केलीत? आई बोटं मोजायला लागल्या. दहाव्या-बाराव्या वर्षापासून माहेरी, मग सासरी, चौदा माणसांचा स्वयंपाक, खिडकी नसलेलं स्वयंपाकघर, पावसाळ्यात ओल्या तुराट्या आणि शेणी. घरी गॅस आला, तरी अंघोळीच्या पाण्याचा बंब होताच. गुजरातमधल्या खेड्यांत कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने आपल्याकडच्या सहकाऱ्यांबरोबर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणीची यंत्रं अडकवून धूर मोजला होता. ते काम १९८३ साली छापून आलं. तोवर 'प्रदूषण' म्हटलं की कारखान्याचं धुराडं एवढंच लोकांच्या डोळ्यांसमोर येई, चुलीपुढची बाई कुणाच्या हिशेबातच नव्हती. उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली. शेगड्या घरोघर आल्या, पण सिलिंडर परत भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

आणि हा आजार काही थोडक्या लोकांचा नाही. २०१६ सालच्या देशभराच्या अभ्यासात सीओपीडीचे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींवर रुग्ण भारतात असल्याचा अंदाज निघाला होता. एवढ्या सगळ्यांच्या उशाशी रात्री डॉक्टर कसा बसेल? महिन्यातून एकदा दहा मिनिटं डॉक्टर भेटतात. बाकी सगळा महिना ज्याचा श्वास त्यानेच सांभाळायचा असतो.

आई घरी आल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर तो बिस्किटांचा डबा त्यांच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला. दोन पंप होते. एक रोजचा, सूज कमी ठेवणारा, बरं वाटत असलं तरी घ्यायचाच. दुसरा धाप लागली की लगेच नळ्या मोकळ्या करणारा. आईंना वाचता येत नाही, म्हणून तातडीच्या पंपाला लाल दोरा बांधला. (काही जणांना डॉक्टर दोन्ही कामांना एकच पंप देतात, तेव्हा आपला कोणता ते त्यांनाच विचारा.) मग सिस्टरांनी शिकवलेलं मी आईंना शिकवायला बसले, आणि मला काय कळलं असेल? माझंच चुकत होतं! चार वर्षं!

मी पंपाचे दोन दाब एकापाठोपाठ मारायचे. खरं तर एक दाब, तो नळकांड्यातून, म्हणजे स्पेसरमधून, सावकाश आत ओढायचा, दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा, मग अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून दुसरा दाब. दहा मोजेपर्यंत श्वास धरणं जमत नसेल, तर स्पेसरमध्येच पाच-सहा साधे श्वास घेतले तरी चालतात. रोजच्या पंपानंतर चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंड येतं, घशात पांढरा थर धरतो. आईंचं तोंड सारखं यायचं, मी बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या देत बसले होते. आणि मी तो स्पेसर धुऊन फडक्याने लख्ख पुसायचे, भांडं पुसावं तसा. पुसल्याने प्लॅस्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटून बसतं. साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा. इतकी वर्षं घासपूस करून मी औषधच वाया घालवत होते.

आईंना शिकायला आठ दिवस लागले. मला धीर नव्हता. त्यांचा हात थरथरायचा, बोट घसरायचं, आणि माझे हात आपोआप पुढे व्हायचे. शेवटी मी ओट्यावर मटार सोलायला घेऊन बसायची, म्हणजे हात गुंतलेले राहतील. नवव्या दिवशी त्यांनी मला म्हटलं, "आता तू बस, मी तुला शिकवते," आणि सगळं ओळीने करून दाखवलं. चूळसुद्धा भरून दाखवली.

धाप लागल्यावर श्वास कसा सोडायचा, हे मात्र त्यांनी एका मिनिटात उचललं. सिस्टर म्हणाल्या होत्या, नाकाने दोन मोजेपर्यंत घ्या, ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत सोडा. आई म्हणाल्या, "म्हणजे बशीतला चहा फुंकतो तसंच ना?" अगदी तसंच. फुंकणी फुंकल्यासारखं जोरात नव्हे. खुर्चीत पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून बशीतला चहा फुंकायचा. वजन उचलताना, जिना चढताना, जोर लागेल तेव्हा श्वास सोडायचा. धाप लागली की आपण माणसाला झोपवतो आणि भोवती गर्दी करतो, ते दोन्ही चूक. बसवायचं, पुढे वाकवायचं, बायकांना बाहेर काढायचं.

मग डॉक्टरांनी एका कागदावर तीन रंगांत लिहून दिलं. हिरवा म्हणजे नेहमीसारखं, रोजचं औषध चालू ठेवा. पिवळा म्हणजे खोकला वाढला, बेडका जास्त किंवा पिवळा-हिरवा झाला, नेहमीच्या कामाला जास्त धाप लागते, तर तातडीचा पंप अमुक दाब, अमुक तासांनी, आणि त्याच दिवशी फोन करून दाखवायला या. लाल म्हणजे एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळे, माणूस गुंगीत किंवा गोंधळलेला, पंपाने फरक नाही, तर वाट न पाहता १०८. हा कागद प्रत्येकाचा वेगळा असतो. आमचा पाहून तुम्ही दाब मोजू नका, तुमच्या डॉक्टरांकडून तुमचा लिहून घ्या. मागितला तर देतात, आपण मागतच नाही.

आईंनी त्या कागदाचं काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज रात्री त्या तारखेच्या चौकोनात बोट टेकवायला लागल्या. चांगला दिवस असेल तर कोराच. त्रास झाला, लाल दोऱ्याचा पंप लागला, तर हळदीचा ठिपका. दवाखाना गाठावा लागला तर कुंकवाचा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ते पानच फाडून नेलं (मागे महिन्याचं भविष्य होतं, ते वाचायचं राहिलं म्हणून आमचे हे चिडले). डॉक्टर हळदीचे ठिपके मोजत म्हणाले, आजी, हे सगळे ठिपके महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कसे? आम्ही विचारात पडलो. मग उलगडलं. पहिल्या आठवड्यात किराणा येतो, मी मसाला भाजते, मिरची कुटते. तेव्हापासून मसाला गिरणीतून करून आणते.

घरातला धूर शोधायला लागलो तर संपेचना. उदबत्ती, धूप, फोडणी, शेजारचा पेटवलेला कचरा. डासांची कॉइल एक रात्र जळली, की तिच्यातून निघणारे बारीक कण शंभराच्या आसपास सिगारेटींइतके भरतात, असं २००३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. आम्ही मच्छरदाण्या काढल्या. बंबावरून मात्र मोठं भांडण झालं. मी म्हटलं, मोडीत देऊन टाकू. आई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तो त्यांच्या माहेरून आलेला तांब्याचा बंब. "तुला माझा श्वास वाचवायचाय, का माझं घर झाडून काढायचंय?" असं म्हणाल्या. शेवटी रोजच्या पाण्याला विजेचा हीटर, आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला बंब. तो हे पेटवतात, आणि आई तेवढा वेळ दार लावून पुढच्या खोलीत. डॉक्टरांना हे फारसं पसंत नाही. पण आईंनी स्वतःहून कबूल केलेलं त्या पाळतात, मी लादलेलं एकही कधी टिकलं नाही.

असंच एकदा सिस्टरांनी विचारलं होतं, "आजी, तुम्हाला काय करावंसं वाटतं?" आजवर आम्ही कुणी हे विचारलंच नव्हतं. आई म्हणाल्या, वेशीतल्या मारुतीला शनिवारी माझ्या पायांनी जायचंय. घरापासून देऊळ जेमतेम अर्धा किलोमीटर. दोन वर्षं त्या गेल्या नव्हत्या, कारण "दम लागेल, बसा" असं आम्हीच म्हणायचो. बसून बसून पाय आणखी दुबळे होतात, मग थोड्या चालण्यालाही जास्त दम लागतो, मग माणूस आणखी बसतो. आधी अंगणात पाच फेऱ्या, खुर्चीतून दहा वेळा उठबस, मग कोपऱ्यापर्यंत. रेशन दुकानाच्या पायरीवर पहिला थांबा, शिंप्याच्या बाकड्यावर दुसरा, पिठाची गिरणी आली की पलीकडच्या बाजूने. तीन महिने लागले. ज्या शनिवारी त्या पोहोचल्या, त्या दिवशी मी मागे दहा पावलांवर पिशवीत पंप घेऊन चालत होते. त्यांनी वळून म्हटलं, "पंप माझ्या कनवटीला आहे. तू घरी जा."

हे सगळं बघून गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या आणि आमचा महिन्यातला एक शनिवार सुरू झाला. अंगणवाडीच्या खोलीत दहा-पंधरा जणी, कधी त्यांचे नवरेही. नियम एकच, ज्याचा पंप त्यानेच दाखवायचा, घरच्यांनी बोलायचं नाही. आशाताई येतात, आणि अधूनमधून त्या सिस्टरही.

पहिल्याच शनिवारी एक विड्या वळणाऱ्या मावशी आल्या. आमच्या भागात घरोघर विड्या वळल्या जातात, तंबाखूची धूळ दिवसभर नाकात. त्यांना कॅप्सूल ओढायचं यंत्र, रोटाहेलर, दिलं होतं. म्हणाल्या, औषधाने गुण नाही. म्हटलं, दाखवा. त्यांनी डबीतली कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर गिळली! सहा महिने गिळत होत्या. यंत्र? "ते लेकराने खेळायला नेलं." कुणी हसलं नाही, कारण कॅप्सूल म्हटल्यावर ती गिळायची हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, न गिळायची कॅप्सूल असते हे कुणीतरी सांगायला हवं होतं. हे औषध पंपासारखं सावकाश नव्हे, तर जोरात आणि खोल ओढायचं असतं, आणि यंत्रात उलटं फुंकायचं नसतं. मावशींना गुण आला. पण विड्या सुटल्या नाहीत, त्यावर घर चालतं. आता निदान दारात वाऱ्याला बसून, तोंडाला पदर बांधून वळतात. त्याने फार भागत नाही, हे त्यांनाही कळतं.

दुसरी एक मुलगी आहे, कॉलेजात जाणारी. तिला दमा. आईचं म्हणणं, लग्न ठरेपर्यंत पंप कुणाला दिसता कामा नये. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, अशी भीती घराघरात आहे. आम्ही त्या आईला हिशेब मांडून दाखवला. हेच औषध गोळीत घेतलं तर एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, आणि ते सगळ्या अंगभर फिरणार. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, तेही थेट छातीत. हिशेब तिला पटला, स्थळांची काळजी काही मिटली नाही. मुलगी पंप चोरून घ्यायची, तोही फक्त तातडीचा. दम्यात नुसत्या तातडीच्या पंपावर भागवणं धोक्याचं, असं जगभरचे तज्ज्ञ २०१९ पासून स्पष्ट सांगतात. आता ती रोजचा पंप घेते, फुंकून मोजायचं छोटं पीक फ्लो मीटर वापरते, आकडे वहीत लिहिते. पाहायला आलेल्या एका मुलाला तिने स्वतःच सांगितलं. ते स्थळ गेलं. तिच्या आईने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. मुलगी येतेच आहे.

स्वतः सांभाळायचं म्हणजे एकट्याने सोसायचं, असा अर्थ मात्र कुणी काढू नका. एका काकांच्या सुनेने तसा काढला होता. "त्यांचं त्यांना शिकवलंय ना तुम्ही," म्हणून मोकळी झाली. तसं नाही हो. पंप संपत आला की नवा आणून ठेवणं, दरवर्षी फ्लूच्या लशीला घेऊन जाणं, रात्री खोकल्याचा आवाज बदलला तर उठून विचारणं, हे घरच्यांचंच. फक्त विचारायचं, हातातून ओढून घ्यायचं नाही.

गेल्या दिवाळीत मी पुण्याला लेकीकडे होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, फटाक्यांच्या धुरात, घरून फोन. माझं काळीज धस्स झालं. पलीकडून आईच बोलत होत्या, तुटक तुटक. "घाबरू नकोस. दारं-खिडक्या लावल्यात. कागदावर आहेत तेवढे... दाब घेतले. पिवळा आहे... लाल नाही. याला म्हटलंय, सकाळी दवाखान्यात ने." मग मधे थांबून, बशीतला चहा फुंकल्यासारखा लांब श्वास सोडून म्हणाल्या, "आणि अनारसे जाळीदार झालेत बरं का."

मागच्या शनिवारी एक नवी बाई आली, सासऱ्यांना घेऊन. म्हातारबुवा पंप चुकीचा धरत होते. माझे हात पुढे झालेच. आईंनी माझ्या मनगटावर चापट मारली आणि त्या बुवांना म्हणाल्या, "तिच्याकडे नका बघू. माझ्याकडे बघा. आधी हलवा."